बॉनेटवरचे कंगोरे

जेसिका : पॉलिशच्या मशीनचं वजन कुठल्या हातावर घेणार, तेवढं आधी सांग मला.

एरॉल : डाव्या.

जेसिका : आणि उजवा?

एरॉल : उजवा वरून नुसता ठेवायचा. मशीन कुठे न्यायचं तेवढं तो सांभाळेल. ती टेप दे. रुंद नको गं, बारीक दे.

जेसिका : एरॉल, फेब्रुवारीत तुला अर्धांगाचा झटका आलाय. अजून शर्टाचं वरचं बटण माझ्याकडून लावून घेतोस.

एरॉल : डॉक्टरनेच सांगितलंय ना, हाताला काम द्या म्हणून?

जेसिका : काम म्हणजे वाल सोलणं. रबरी चेंडू दाबणं.

एरॉल : वाल सोलले, लसूण सोलला. तुझ्या शाळेतल्या बायकांचासुद्धा लसूण सोलून दिला मी. अख्ख्या गिरीज गावात आता सोलायचं काही शिल्लक नाही. टेप दे.

जेसिका : घे. पण पहिलीच गाडी ही? आल्बर्टची व्हॅन घ्यायचीस. डब्यासारखी सपाट. माझ्या भावाची गाडी, बिघडली असती तरी घरातच राहिली असती. ही बघ कशी आहे. कागदाला घड्या घालून ठेवल्यासारखी. दारावर घडी, चाकावर घडी, बॉनेटवर तर मधोमध कणाच काढलाय.

एरॉल : कंगोरा म्हणतात त्याला. आजकाल सगळ्या अशाच येतात. आणि आल्बर्टची व्हॅन घासून मला काय कळणार? ती तर डोळे मिटून होते.

जेसिका : कंगोऱ्यावर काय होतं एवढं?

एरॉल : बघ. रंग मारतात तेव्हा तो ओला असतो ना, धारेवरून तो दोन्ही बाजूंना ओघळतो. म्हणून धारेवर कायम पातळ. सपाटीवर मशीन पुन्हा पुन्हा फिरलं तरी चालतं. धारेवर जरा जास्त बसलं की वरचा चकाकीचा थर गेला, रंगही गेला आणि खालचं राखाडी अस्तर वर आलं. मग पॉलिशने काही होत नाही. म्हणून मशीनच्या आधी सगळ्या धारांवर टेप लावायची.

जेसिका : आणि पत्रा तापला की तू हात लावून ओळखायचास.

एरॉल : हं.

जेसिका : त्याच हाताला परवा कुकरचं झाकण लागलं. फोड आला तरी तुला कळलं नाही. मी दाखवला तेव्हा तू बघितलास.

एरॉल : म्हणून तर तुला थांबवलंय मी.

जेसिका : मी तिसरी-चौथीला शिकवणारी बाई. मला पत्र्यातलं काय कळणार?

एरॉल : वर्गात पोराला ताप आला की काय करतेस? कपाळाला उलटा हात लावतेस ना? तस्साच इथे लावायचा. मी मशीन उचललं की तू हात टेकवायचास आणि मोठ्याने बोलायचंस. गार, कोमट, गरम. बाकी काही बोलायचं नाही.

जेसिका : बाकी काही बोलायचं नाही म्हणे. एरॉल, आपलं काय ठरलंय ते लक्षात आहे ना?

एरॉल : लक्षात आहे. ही गाडी नाही जमली तर सोमवारपासून आल्बर्टच्या कंपनीत.

जेसिका : वाईट काम नाहीये ते. गोखिवऱ्याला जायचं, स्टोअरमध्ये पंख्याखाली बसायचं. माल आला, माल गेला, एवढं बघायचं.

एरॉल : वाईट कोण म्हणतंय? तुझा भाऊ चांगला माणूस आहे. तू वायर खांद्यावरून सोड माझ्या. पत्र्याला घासली नाही पाहिजे. हां. मागच्या दारापासून धरतो.

(मशीन बराच वेळ चालतं, थांबतं, पुन्हा चालतं. फाटक वाजतं.)

जयवंत : येऊ का आत? अरे वा वा वा! एरॉलभाऊ! काय सॉलिड झालंय! एकदम आरसा!

जेसिका : या जयवंतभाऊ. पाणी आणू?

जयवंत : नको वहिनी, बसा तुम्ही. मी सहज आलो, शनिवारची सुट्टी होती म्हणून. म्हटलं, आपली गाडी काय म्हणते बघू. आई शप्पथ, शोरूममधून काढली तेव्हा पण अशी नव्हती.

एरॉल : कुठला दरवाजा बघतोयस तू?

जयवंत : हा ना. हा पुढचा.

एरॉल : त्याला अजून हात लावलेला नाही मी.

जयवंत : अं? नाही म्हणजे... एकंदरीत बोलतोय मी.

एरॉल : मागचा झालाय. ह्याच्या बाजूचा. त्याच्या बाजूनेच आलास तरी तुला तो दिसला नाही.

जयवंत : अहो, ऊन डोळ्यावर आलं. छान झालाय तोही. टेन्शन नका घेऊ, एरॉलभाऊ. आरामात करा. बॉनेटला तर अजिबात जिवाला लावून घेऊ नका. ते तसं पण पुढच्या महिन्यात रंगायला जाणारे.

एरॉल : काय म्हणालास?

जयवंत : बॉनेट. गॅरेजवाल्याशी बोलून ठेवलंय. गणपतीत आमच्या सोसायटीतल्या शहाण्यांनी मखराची लोखंडी चौकट बॉनेटवर टेकवली ना, तेव्हापासून ते ओरखडे आहेत. वर आमचा रामू रोज सकाळी सुक्या फडक्याने पुसतो. गोखिवऱ्याची फॅक्टऱ्यांची धूळ, आणि त्यावर सुकं फडकं. वाटच लागली. तर ते रंगणारच आहे. म्हणजे तुम्ही बिनधास्त...

एरॉल : बिनधास्त काय?

जयवंत : काही नाही. बिनधास्त करा.

एरॉल : जाळलं तरी चालेल.

जयवंत : मी असं कुठे म्हटलं?

एरॉल : जयवंत, नवी गाडी घेतलीस त्या वर्षी आरशाच्या मागे पॉलिशचा ठिपका राहिला होता, आठवतं? मसुराच्या डाळीएवढा. त्याच्यासाठी तू स्टेशनवरून परत आला होतास. भांडला होतास माझ्याशी. आणि आज धूळ भरलेला दरवाजा बघून मला आरसा म्हणतोस. कुणी शिकवून पाठवलं तुला?

जयवंत : अहो, कुणी कशाला... वहिनी, तुम्हीच सांगा ना.

जेसिका : मी सांगितलं होतं त्यांना.

एरॉल : तू?

जेसिका : हो, मीच. फोन केला होता. म्हटलं, काही झालं तरी चालेल अशी गाडी असेल तर एरॉलकडे पाठवा. आणि कशीही झाली तरी चांगली झाली म्हणा.

एरॉल : वा. घरातच बसून हे चाललंय. आणि मी मूर्ख. काल रात्रीपासून टेप कुठे लावायची ह्याचा विचार करतोय.

जेसिका : आता ओरड माझ्यावर. ओरड. पण माझंही ऐक. जेवण झालं की तू इथे येऊन बसायचास. मशीनची वायर सोडायचास, गुंडाळायचास, परत सोडायचास. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. कुणी गाडी घेऊन येत नव्हतं. चर्चमध्ये मिस्साला भेटले की सगळे विचारतात, बरं वाटतंय ना, बरं वाटतंय ना. आणि गाडी घेऊन जातात दुसरीकडे. मी अजून काय करायला हवं होतं?

एरॉल : मला विचारायला हवं होतंस.

जेसिका : विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास?

एरॉल : जयवंत, किल्ली तिथे खुर्चीवर आहे. घेऊन जा गाडी.

जयवंत : एरॉलभाऊ, असं करू नका. माझी काय चूक आहे यात? वहिनींचा आवाज असा झाला होता फोनवर, मी नाही कसं म्हणणार? आणि तुमच्याकडेच येतोय ना मी इतकी वर्षं.

एरॉल : घेऊन जा.

जेसिका : ठीक आहे. जाऊ दे गाडी. मी आल्बर्टला कळवते, सोमवारी येतोय म्हणून.

जयवंत : चला, मग मी... ही किल्ली ना? निघतो. सॉरी हं, वहिनी.

एरॉल : थांब.

जयवंत : बोला.

एरॉल : गॅरेजवाला बॉनेटबद्दल नेमकं काय म्हणाला?

जयवंत : खोल आहेत म्हणाला. पॉलिशने जाणार नाहीत, अख्खं बॉनेट रंगवू.

एरॉल : त्याने नख लावून बघितलं?

जयवंत : नाही. लांबूनच बघितलं.

एरॉल : तू लाव. त्या मोठ्या ओरखड्यावरून आडवं नख फिरव. अडकतं?

जयवंत : नाही अडकत.

एरॉल : परत फिरव. नीट.

जयवंत : नाही. दिसतोय मोठा, पण नखाला लागत नाही.

एरॉल : म्हणजे वरच्या थरातच आहे. निघतो. हा कंपनीचा रंग आहे, जयवंत. एकदा बॉनेट रंगवलंस की बाजूच्या पत्र्याशी तो कधी जुळणार नाही. उन्हात उभी केलीस की लांबून कळेल, ठोकलेली गाडी आहे म्हणून. रंगवायचं नाही हे.

जयवंत : पण तो ओरखडा बघा कुठपर्यंत गेलाय. थेट मधल्या लाईनवर चढलाय.

एरॉल : बघितलाय मी. काल रात्रभर तोच बघत होतो डोळ्यांसमोर. कंगोऱ्याखालचा निघेल मशीनने. वर चढलेला तेवढा भाग अवघड आहे.

जयवंत : आणि समजा तिथे रंग उडाला?

एरॉल : तर तुझा गॅरेजवाला आहेच. आणि मी सोमवारी पंख्याखाली. तोंडातून शब्द काढणार नाही. पण आत्ताच्या आत्ता गॅरेजवाल्याला फोन कर, बॉनेट रंगवायचं नाही सांग. त्याशिवाय मी मशीन उचलणार नाही. वाया जाणारी वस्तू म्हणून मला द्यायची नाही कुणी.

जयवंत : आत्ता करू फोन?

एरॉल : माझ्यासमोर कर.

जयवंत : हॅलो, हां, मी जयवंत बोलतोय. काळ्या गाडीचं बॉनेट होतं ना... हां, ते कॅन्सल. नाही, विकली नाही. दुसरीकडे बघतोय. हो, चालेल. नंतर बोलू. झालं, एरॉलभाऊ. आता खरं सांगू? आता मला भीती वाटायला लागली.

एरॉल : बरं झालं. आता जा, पाचला ये. आणि गिऱ्हाईक म्हणून ये. वहिनींच्या शब्दाखातर आलास तर फाटकातूनच परत पाठवीन.

जयवंत : येतो. वहिनी, येतो हं.

जेसिका : या. सांभाळून जा.

एरॉल : तू पण जा आत. वायर मी बघतो माझी.

जेसिका : मी कुठे जात नाही. पत्र्याला हात कोण लावणार? रामू?

एरॉल : जेसिका, मला राग आलाय तुझा.

जेसिका : येऊ दे. रागात मशीन चालत नाही का? चालव. मला कुठून हात लावायचा ते दाखव.

एरॉल : ...डावीकडून. कंगोऱ्याला टेप आहे, तिला धक्का लावू नकोस. मशीनच्या पॅडवर पॉलिशचे चार थेंब टाक. चार म्हटलं, वाटी नाही ओतायची.

जेसिका : बस?

एरॉल : बस. आता मी आधी बंद मशीननेच पसरवून घेतो. मग हळू. बघ, मशीन पूर्ण सपाट बसलं पाहिजे. तिरकं झालं की कडेने चावतं. चालू करतोय.

जेसिका : हात टेकवू?

एरॉल : आता टेकव.

जेसिका : कोमट.

एरॉल : अजून एकदा जातो. आता?

जेसिका : कोमट. नाही, जरा जास्त. शाळेतलं पोर असतं तर घरी पाठवलं नसतं, पण वर्गात मागे झोपवलं असतं.

एरॉल : तीन शब्द म्हटलं होतं मी.

जेसिका : गरम मग.

एरॉल : थांबू. फडकं दे, पुसतो. दिवा तिरका धर. बघ आता, कुठे गेला?

जेसिका : अरे! इथपर्यंत होता ना तो? इथून पुढे दिसतच नाही.

एरॉल : निघतोय. ह्या बाजूचा पट्टा पूर्ण करू, मग कंगोऱ्याजवळ जाऊ.

जेसिका : तुझा खांदा भरून आलाय.

एरॉल : डावा खांदा आहे. त्याला सवय नाही. लागेल. चालू करतो. दिवा धर... धर... अरे!

जेसिका : एरॉल! काय झालं? काय उडालं?

एरॉल : टेप. टेप उडाली. उजवा दाबला गेला. मला कळलंच नाही किती दाबतोय ते. पॅडची कड चढली कंगोऱ्यावर.

जेसिका : मळकट डाग पडलाय तिथे. एरॉल, तो डाग कसला आहे? जळलं?

एरॉल : हात लावू नकोस. थांब जरा. मला बघू दे.

जेसिका : बस तू आधी. हे स्टूल घे. बस.

एरॉल : तू बघ. माझा डोळा स्थिर होत नाहीये. ओलं फडकं घे, हलक्या हाताने पूस आणि खाली राखाडी दिसतं का सांग.

जेसिका : मी नाही बघणार. तूच बघ.

एरॉल : जेसिका, पूस.

जेसिका : पुसतेय... डाग निघतोय. फडक्यावर आलं सगळं. टेपचा डिंक आहे वाटतं, चिकट लागतंय.

एरॉल : आणि खाली?

जेसिका : खाली काळा रंगच आहे. चमकतोय. राखाडी नाहीये कुठे. नाहीये, एरॉल.

एरॉल : नक्की?

जेसिका : ये ना, बघ ना तू. दिवा धरते. बघ.

एरॉल : ...वाचला. टेपने घेतलं अंगावर.

जेसिका : आता बास कर. जेवढं झालंय तेवढं पुष्कळ झालं. ओरखडा केवढा होता, केवढा उरलाय! कंगोऱ्यावरचा राहू दे. कोण बघतंय?

एरॉल : जयवंत बघेल. नाही बघितला तर मला दिसेल.

जेसिका : हात ऐकत नाहीये तुझा.

एरॉल : उजवा ऐकत नाही. मग त्याला घ्यायचाच नाही. कंगोऱ्यावर मशीन बंद. स्पंजचा छोटा तुकडा काप मला, काडेपेटीएवढा. डाव्या अंगठ्याने करतो.

जेसिका : अंगठ्याने? किती वेळ लागेल?

एरॉल : लागेल तेवढा. तू जेवून ये.

जेसिका : तू जेवल्याशिवाय मी जेवते का कधी? हा घे स्पंज. मी दिवा धरून बसते.

एरॉल : हात दुखेल तुझा.

जेसिका : दुखू दे. एरॉल, एक सांगू? जयवंतला फोन केला तो दया आली म्हणून नाही केला.

एरॉल : मग?

जेसिका : भीती वाटली म्हणून. तू आल्बर्टकडे जाशील, गुपचूप. रोज डबा घेऊन जाशील, रोज परत येशील. आणि मला कधी एका शब्दाने बोलणार नाहीस. त्याची भीती वाटली.

एरॉल : दिवा जरा खाली घे.

जेसिका : इथे?

एरॉल : हां. तिथेच धर. आता बोल पुढे. तुझं बोलणं चालू असलं की हात बरा चालतो.

जेसिका : काय बोलू?

एरॉल : काहीही. वर्गातलं सांग.

जेसिका : वर्गातलं काय? त्या ॲन्सेल्मने काल निबंध लिहिलाय, माझे आवडते फळ. केळी वसईची, आंबा देवगडचा आणि मला सफरचंद आवडते. एवढाच निबंध. फळ्यापाशी उभी राहून हसत होते मी. सगळी पोरं बघायला लागली, बाईंना काय झालं...

एरॉल : मार्क किती दिलेस?

जेसिका : पूर्ण दिले. खोटं काय लिहिलंय त्याने? अरे, अंगठा लाल झालाय तुझा.

एरॉल : लाल झालेला कळतोय मला. दुखतोय. चांगलं आहे. नवीन फडकं दे, ते निळं. आता बारीक पॉलिश घेतो, शेवटचं. मग पुढचा दरवाजा आणि राहिलेली बाजू. ते झालं की टेपा काढ सगळ्या, सावकाश. ओढून नाही, वळवून.

(बऱ्याच वेळाने फाटक वाजतं.)

जयवंत : आत येऊ?

जेसिका : पाच वाजले? या. आम्हाला घड्याळाचं भानच नाही.

एरॉल : ये. दिवा हा आहे, इथे बटण. मी काही सांगणार नाही. तू बघ.

जयवंत : बघतो. दरवाजे ठीक. हा ठीक. हा पुढचा, आता झालाय ना हा? ठीक आहे. मागची बाजू... हां. चाकावरची ती लाईन छान सुटलीय, धार आहे तशी आहे. आता बॉनेट.

जेसिका : बघा ना, कुठे होता ओरखडा सांगा तरी!

एरॉल : जेसिका, बोलू नको. बघू दे त्याला.

जयवंत : इथे होता. इथून असा वर चढला होता. नाहीये. च्यायला, खरंच नाहीये. सॉरी वहिनी. कंगोरा पण बोटाला लागतोय तसाच. मानलं, एरॉलभाऊ. हे मी खरं बोलतोय.

एरॉल : पुढे बघ. अजून बघायचं राहिलंय.

जयवंत : बघतोय... एक मिनिट. हे काय?

एरॉल : कुठे?

जयवंत : इथे, डाव्या दिव्याच्या वर. दोन लाईनी येऊन मिळतात ना, त्या कोपऱ्यात. दिवा असा धरला की दिसतं. धूसर आहे. ढग आल्यासारखं.

जेसिका : अहो, ते केवढंसं आहे! बोटाच्या पेराएवढं. सकाळपासून उभा आहे तो, अंगठ्याची साल निघाली त्याच्या.

जयवंत : दिसतंय मला, वहिनी. पण गाडी काळी आहे. सकाळी पार्किंगमध्ये ऊन नेमकं ह्याच कोपऱ्यावर येतं. एकदा दिसलं ना, मग मला रोज तेच दिसणार. मी अशी नाही नेणार गाडी.

जेसिका : जयवंतभाऊ!

एरॉल : थांब गं. बघू दे. दिवा दे इकडे... आहे. बरोबर आहे त्याचं. स्पंज कोपऱ्यात शिरलाच नाही तिथे. फडकं बोटाला गुंडाळून करावं लागेल.

जयवंत : आत्ता होईल?

एरॉल : आत्ता नाही. आत्ता हात दमलाय, घाई केली तर धार जाईल. उद्या रविवार. सोमवारी सकाळी करतो, ऊन आलं की. दुपारी घेऊन जा.

जयवंत : सोमवारी मला साइटवर जायचंय हो गाडी घेऊन.

एरॉल : मग मंगळवारी जा साइटवर. अर्धवट गाडी माझ्या शेडमधून बाहेर जात नाही.

जयवंत : बरं बाबा. दुपारी म्हणजे दुपारी हं, एरॉलभाऊ. संध्याकाळ करू नका. आणि त्या कोपऱ्यात परत काही राहिलं तर मी परत सांगणार.

एरॉल : सांग ना. बेशक सांग.

जयवंत : चला. रिक्षा बघतो. वहिनी, रागावू नका.

जेसिका : नाही हो. या. ...गेला. बघितलंस? सकाळी आरसा म्हणत होता, आता बोटाच्या पेराएवढ्यासाठी गाडी टाकून गेला. आणि सोमवारचं आल्बर्टला काय सांगू मी?

एरॉल : सांग, सोमवारी गाडी आहे माझ्याकडे.

जेसिका : एवढंच सांगू?

एरॉल : एवढंच. मशीन पुसून ठेव ना जरा. आणि काहीतरी खायला दे, पोटात कावळे ओरडतायत.

जेसिका : देते. पण तू हसतोयस काय असा, एकटाच?

एरॉल : काही नाही. खडूस आहे गिऱ्हाईक.